सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांचा कट्टा कसा जमवायचा? ग्रुप आहे, पण बोलतो मी एकटाच

लेखनिक_पुणे (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदाच धागा काढतोय.

मी एका छोट्या कंपनीत सपोर्टला आहे. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या हिशेबाचं सॉफ्टवेअर करतो आम्ही. नाव देत नाही, उगाच जाहिरात वाटायला नको. मेंटेनन्सची बिलं, पावत्या, थकबाकीवरचं व्याज, सिंकिंग फंड (पुढच्या मोठ्या कामांसाठीची गंगाजळी), आय आणि जे नमुने (सभासदांची नोंदवही आणि यादी), ऑडिटला लागणारे कागद, एवढा आवाका. वापरणारे म्हणजे सोसायट्यांचे खजिनदार, सेक्रेटरी आणि डझनभर सोसायट्यांचे हिशेब एकहाती ओढणारे अकाउंटंट. पुणे, पिंपरी-चिंचवड, ठाणे, डोंबिवली, थोडे नाशिककडचे.

या सगळ्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, चारेकशे लोक असतील. रोज सकाळी फुलांची सुप्रभात, मग एक प्रश्न, मग माझं उत्तर, मग पाच-सहा अंगठे. दुपारी तोच प्रश्न दुसऱ्या कुणाचा. मार्चएंडला तर विचारूच नका, जेवताना एका हातात फोन असतो.

आता साहेबांच्या मनात आलंय की 'आपली कम्युनिटी पाहिजे'. लोकांनी एकमेकांना उत्तरं द्यावीत, नव्या सोयी सुचवाव्यात, आणि सपोर्टचा भार हलका व्हावा. त्यासाठी वेगळी साइट काढायची का, ॲपमध्येच काही द्यायचं का, बक्षिसं ठेवायची का, सगळं मी ठरवून सांगायचंय. इथे बरेच जण या धंद्यातले आहात. हिशेबासारख्या रूक्ष विषयावर लोक एकमेकांशी बोलतात का हो मुळात?

गंजका_हार्डडिस्क

धागा आवडला. साहेबांना आधी एक विचारा: भार हलका करायचाय की लोक जोडायचेत? पहिल्यासाठी चांगली मदतपुस्तिका आणि चार व्हिडिओ पुरतात. तुमचा खर्च वाचावा म्हणून कुणी फुकट राबायला येत नाही, आणि हेतू तोच असेल तर तो लोकांना दुसऱ्या आठवड्यात कळतो.

दुसरं, चारशे जण बोलतील ही अपेक्षा सोडा. वेबसाइट लोक कशा वापरतात याचा अभ्यास करणारे याकोब निल्सन यांनी २००६ मध्ये लिहून ठेवलंय, साधारण ९० टक्के लोक नुसते वाचतात, ९ टक्के अधूनमधून लिहितात आणि १ टक्का सगळं चालवतो. तो ठोकताळा आहे, नियम नव्हे, पण माझ्या अनुभवात फारसा चुकलेला नाही. तुमच्या चारशेत असे चार निघतील. त्यांची नावं तुम्हाला आत्ताच माहीत असणार. नसतील तर ग्रुप वर सरकवून बघा, तुमच्या आधी उत्तर देऊन गेलेलं कुणीतरी दिसेलच.

लेखनिक_पुणे

@गंजका_हार्डडिस्क, बघितलं. तिघे आहेत. गंमत म्हणजे एका बाईंनी तीनदा बरोबर उत्तर दिलंय आणि तिन्ही वेळा मी खाली तेच पुन्हा लिहिलंय, 'अधिकृत' म्हणून.

गंजका_हार्डडिस्क

आता त्या चौथ्यांदा कशाला लिहितील? पुढच्या वेळी नुसतं 'ताई, बरोबर आहे' एवढंच लिहा आणि थांबा.

खजिनदारीण_डोंबिवली

मी या जमातीतली आहे म्हणून लिहिते. तुमचं सॉफ्टवेअर वापरते की नाही माहीत नाही, पण असलंच एक वापरते.

सॉफ्टवेअरवर 'चर्चा' करायला मी कधीच येणार नाही. मी येईन ती ऑडिटरने लाल पेनने शेरा मारला की. गेल्या ऑडिटला मारला होता: थकबाकीवर व्याजावर व्याज लागलंय. उपविधींप्रमाणे आमच्याकडे वार्षिक २१ टक्के, तेही सरळव्याजाने. म्हणजे ३,२०० रुपये मुद्दल थकलं तर महिन्याला १.७५ टक्के, ५६ रुपये. पुढच्या महिन्यात तेच मुद्दल तसंच थकलेलं असेल तर पुन्हा ५६. आमच्याकडे मात्र जुनं व्याज मुद्दलात मिसळून त्यावर पुन्हा व्याज निघत होतं. एका सेटिंगमधली खूण काढायची होती, बस. हे मला कंपनीकडून कळलं नाही, ठाण्याच्या एका खजिनदारकाकांनी कळवलं, अडीच मिनिटांच्या व्हॉइस नोटमध्ये, मागे कुकरच्या शिट्ट्या. ती नोट आता कुठे आहे देव जाणे. या वर्षी आमच्या शेजारच्या सोसायटीला तोच शेरा आलाय.

आणि आणखी एक. त्या ग्रुपवर आमचे चेअरमनही आहेत. त्यांच्यासमोर मी 'ओपनिंग बॅलन्स कुठे भरायचा' असं विचारू? मग मी गुपचूप सपोर्टला फोन करते. तुमच्याकडे एवढे फोन का येतात, त्याचं अर्धं कारण हे असेल.

लेखनिक_पुणे

चेअरमनचा मुद्दा आमच्या डोक्यातच आला नव्हता. टोपणनावाने विचारता आलं तर?

खजिनदारीण_डोंबिवली

तर मी आजच दोन प्रश्न विचारीन. फक्त माझा ग्राहक क्रमांक तुमच्या नोंदीत राहू दे, लोकांना दिसू नये.

बहुमिती

मी थ्रीडीवाला, त्यामुळे ब्लेंडरचं, म्हणजे थ्रीडी चित्रं करायच्या सॉफ्टवेअरचं, उदाहरण देतो. सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांची जूट काय करू शकते याचं माझ्या मते सगळ्यात भारी उदाहरण तेच.

ब्लेंडर बनवणारी कंपनी २००२ साली बंद पडली. गुंतवणूकदार म्हणाले, १ लाख युरो द्या, सोर्सकोड सोडतो. ब्लेंडरचे कर्ते टोन रोझेंडाल यांनी वापरणाऱ्यांपुढे पदर पसरला आणि सात आठवड्यांत पैसे जमले. त्याच ऑक्टोबरात कोड जीपीएल या परवान्याखाली (कुणीही वापरा, बदला, वाटा असा) खुला झाला. तेव्हा ना फेसबुक होतं ना यूट्यूब. एवढं झालं कसं, तर ब्लेंडर आधीपासून फुकट उतरवून घेता यायचं आणि लोक त्यात केलेली चित्रं एकमेकांना दाखवत होते. कंपनी गेली तरी हे लोक एकमेकांना ओळखत होते. कंपनीच्या ऑफिसातून ही ओळख करून देता येत नाही.

नंतर त्यांनी लोकांच्या आगाऊ पैशांतून लघुपट केले, पहिला २००६ मध्ये आला. लघुपट करताना सॉफ्टवेअरमध्ये जे जे नडलं ते तिथल्या तिथे दुरुस्त होऊन सगळ्यांना मिळालं. म्हणजे वापरणारे आणि बनवणारे एकाच टेबलावर. आज नवशिक्या माणूस ब्लेंडर उघडतो आणि सगळ्यात आधी डोनट करतो, कारण एका शिकवणाऱ्याच्या व्हिडिओमालिकेत तोच धडा आहे. कंपनीने काही सांगितलेलं नसताना सगळ्या जगाची पहिली पायरी एकच झाली.

तुमचा डोनट कुठला ते शोधा.

मोडकळीस_आलेला_कोड

@बहुमिती, उदाहरण झकास, पण ब्लेंडरवाल्याकडे दाखवायला चित्र असतं. खजिनदार काय दाखवणार, ताळेबंद? 'बघा बघा माझी नावे-जमा कशी जुळली'?

खजिनदारीण_डोंबिवली

हसू नका. जुळली की दाखवावीशी वाटतेच. तीन रुपये फरक शोधायला रात्रीचे दोन वाजवलेत मी.

आणि दाखवण्यासारखं आमच्याकडे पुष्कळ असतं. थकबाकीदाराला पाठवायच्या पत्राचा मसुदा, ज्यात शब्द कडक पण भांडण होणार नाही असा. सर्वसाधारण सभेची नोटीस. बँकेचं स्टेटमेंट सॉफ्टवेअरला चालेल अशा रकान्यांत बसवून देणारी एक्सेल शीट. ही शीट आमच्या भागात एका निवृत्त बँकवाल्या काकांनी केली आहे आणि ती पेनड्राइव्हवरून सोसायटी-सोसायटीत फिरते. त्यावर त्यांचं नाव पहिल्या ओळीत ठळक. कुणी ते नाव खोडलं तर काका फोन करतात.

बहुमिती

हाच डोनट!

लेखनिक_पुणे

ही शीट आमच्याही ग्राहकांकडे दिसते. आम्हाला वाटायचं की ही आमच्या आयातीच्या सोयीची बदनामी आहे, म्हणून कुणी विचारलं तर 'अधिकृत नाही' असं सांगायची सूचना आहे.

गंजका_हार्डडिस्क

अहो, तुमचा सगळ्यात चांगला कार्यकर्ता तुम्हीच दारात उभा केलाय. काकांना बोलवा, चहा पाजा, शीट त्यांच्या नावासकट तुमच्या ठिकाणी ठेवा. त्यात बदल सुचले तर तेही त्यांच्याच हातून होऊ देत.

मोडकळीस_आलेला_कोड

माझं काम दिवसभर स्टॅक ओव्हरफ्लोवर, म्हणजे प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या साइटवर, अवलंबून असायचं, त्यामुळे त्याबद्दल थोडं. लांबेल, माफी असावी.

जेफ ॲटवुड आणि जोएल स्पोल्स्की यांनी ते २००८ मध्ये काढलं. मूळ कल्पना साधी होती: गप्पा नकोत, प्रश्न आणि उत्तर. चांगलं उत्तर वर चढणार, विचारणारा त्यातल्या एकावर बरोबरची खूण करणार, आणि तुमचे गुण वाढले की दुसऱ्याचा मजकूर दुरुस्त करायचा हक्क मिळणार. उत्तर एका माणसाला दिलेलं नसतं, पुढे गूगलवरून येणाऱ्या हजार जणांसाठी असतं. व्हॉट्सॲपवर नेमकं हेच होत नाही. तिथे उत्तर त्या माणसाला मिळतं आणि संध्याकाळपर्यंत सुप्रभातांखाली गाडलं जातं.

पण त्याची दुसरी बाजूही बघा. प्रश्न पुन्हा येऊ नयेत म्हणून 'हा आधी विचारला गेला आहे' म्हणत नवशिक्यांचे प्रश्न धडाधड बंद व्हायला लागले. लोक घाबरायला लागले. २०१८ मध्ये कंपनीनेच जाहीर लिहिलं की आपल्याकडे नव्या माणसाचं, विशेषतः नवशिक्यांचं, नीट स्वागत होत नाही. नंतर चॅटजीपीटी आलं. २०२२ च्या डिसेंबरात तिथे त्याची उत्तरं चिकटवायला बंदी घालावी लागली, कारण ती दिसायला चोख आणि आतून चुकीची असायची. २०२३ च्या जूनमध्ये या यंत्राच्या उत्तरांच्या धोरणावरूनच स्वयंसेवक नियंत्रकांनी संप केला. आता नवे प्रश्न पूर्वीच्या मानाने फारच कमी येतात, लोक यंत्राला विचारतात. यंत्र कंटाळत नाही आणि चिडत नाही.

तुमच्या बाबतीत यंत्राचा धोका कमी आहे असं मला वाटतं. ठाण्याच्या उपनिबंधक कार्यालयात कुठला कागद परत पाठवतात हे यंत्राला माहीत नसतं, काकांना असतं. त्यामुळे अशा प्रश्नांवर भर द्या. 'बिल प्रिंट कसं करायचं' हे मदतपुस्तिकेत जाऊ दे.

टंकबहाद्दर

बक्षिसांबद्दल कुणी बोललं नाही. बोलायला हवं, कारण साहेब लोकांना तेच आधी सुचतं.

लेखनिक_पुणे

सुचलंय. महिन्यात सगळ्यात जास्त प्रतिसाद देणाऱ्याला ॲमेझॉनचं व्हाउचर.

टंकबहाद्दर

तेवढं करू नका, हात जोडतो.

डिजिटलओशन कंपनीचा हॅक्टोबरफेस्ट नावाचा उपक्रम आहे, २०१४ पासूनचा. ऑक्टोबरमध्ये खुल्या सॉफ्टवेअरला ठरावीक बदल पाठवा आणि टी-शर्ट मिळवा, अशी तेव्हाची योजना. हेतू चांगला. २०२० मध्ये काय झालं, तर टी-शर्टसाठी लोकांनी कुठल्याही प्रकल्पाच्या रीडमी (प्रकल्पाची ओळख करून देणाऱ्या) फाइलमध्ये 'अप्रतिम प्रकल्प' असल्या अर्थाचे दोन शब्द घुसवून बदल पाठवायचा सपाटा लावला. बिचारे प्रकल्प सांभाळणारे रात्रंदिवस कचरा काढत बसले. शेवटी ज्या प्रकल्पाला हवंय त्यानेच स्वतःहून भाग घ्यायचा, असा नियम त्याच ऑक्टोबरात करावा लागला. का, तर मोजमाप संख्येचं होतं. तुमच्याकडे प्रतिसाद मोजलेत तर 'धन्यवाद', 'सहमत' आणि 'छान माहिती' यांनी कट्टा भरून जाईल. सुप्रभातचं काय होईल ते सांगत नाही.

उलट उदाहरण मायक्रोसॉफ्टचं. त्यांचा एमव्हीपी ('मोस्ट व्हॅल्युएबल प्रोफेशनल') सन्मान १९९३ पासून आहे. कॉम्प्युसर्व्ह या जुन्या ऑनलाइन सेवेवर लोकांना आपणहून मदत करणाऱ्यांपासून त्याची सुरुवात झाली. तो झालेल्या कामाबद्दल देतात, एका वर्षापुरता असतो, आणि 'इतकी उत्तरं द्या म्हणजे मिळेल' असं गणित नसतं. अर्थात लोक त्याच्याही मागे धावतात, माणूसच तो. पण टी-शर्टइतका चिखल होत नाही.

खजिनदारीण_डोंबिवली

मला व्हाउचर नको. नवी आवृत्ती सगळ्यांच्या आधी वापरायला द्या आणि मी सांगितलेली चूक दुरुस्त झाली की 'अमक्यांनी लक्षात आणून दिलं' असं बदलांच्या यादीत छापा. मी ती यादी आमच्या कमिटीच्या मीटिंगमध्ये वाचून दाखवीन. चेअरमनसमोर.

सोसायटीत खजिनदाराचं कौतुक कुणी करत नाही हो. पाणी आलं नाही तरी आमच्याकडे बघतात.

लेखनिक_पुणे

हे साहेबांना नक्की पटेल, फुकट आहे. पण त्यांची दुसरी भीती सांगतो. उघड्यावर सगळं ठेवलं तर तक्रारीही उघड्यावर येणार. परवा एकाने ग्रुपवर लिहिलं, 'जीएसटी चुकीचा लागतोय, कंपनी झोपलीय का'. साहेबांनी मेसेज काढायला लावला. चारचौघांत धुणी धुवायची कशाला, असं त्यांचं म्हणणं.

मोडकळीस_आलेला_कोड

जीएसटी खरंच चुकीचा लागत होता का?

लेखनिक_पुणे

अर्धंअर्धं. नियम असा की दरमहा सभासदामागे वर्गणी ७,५०० च्या वर गेली आणि संस्थेची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या वर असेल तर १८ टक्के लागतो. दोन्ही अटी हव्यात. त्यांची उलाढाल कमी होती, पण त्यांनी सेटिंगमध्ये जीएसटी चालू करून ठेवला होता. आमचं चुकलं इतकंच की आम्ही तिथे काही विचारत नाही, गुपचूप लावतो.

मोडकळीस_आलेला_कोड

म्हणजे आत्ता तुम्ही इथे जे पाच ओळींत लिहिलंत तेच त्याच्या तक्रारीखाली हवं होतं. ते वाचून दहा जणांनी आपलं सेटिंग तपासलं असतं. मेसेज काढलात, आता तो माणूस तेच बाहेर, तुमचं नाव घेऊन लिहील, आणि तिथे तुमचं उत्तर खाली नसेल. शिव्या, व्यक्तीवरची टीका, जाहिराती काढा. तक्रार राहू द्या.

लिनक्सवाले_काका

उशिरा आलो. जागेबद्दल दोन शब्द, कारण मी असं एक ठिकाण चालवतो.

डिस्कोर्स बघा, असे कट्टे चालवायचं सॉफ्टवेअर. तेही ॲटवुड यांचंच, २०१३ मधलं, खुलं आहे. आपल्या मुंबईच्या फ्रॅपेवाल्यांचा, म्हणजे ईआरपीनेक्स्ट या धंद्याच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा कट्टा त्यावरच आहे, झेरोधा या शेअर दलाल कंपनीचा ट्रेडिंग क्यूएनएही. आठवडाभर नुसते ते दोन वाचा, लोक कसे विचारतात आणि कंपनीचे लोक कुठे बोलतात, कुठे गप्प बसतात ते कळेल.

त्यातली मला आवडलेली गोष्ट म्हणजे विश्वासाच्या पायऱ्या. नव्या माणसाला सुरुवातीला फार दुवे, फार चित्रं टाकता येत नाहीत. पहिली पायरी चढायला काय लागतं? मुळातलं सेटिंग असं की पाच विषय उघडायचे, तीस प्रतिसाद वाचायचे, एकूण दहा मिनिटं तिथे घालवायची. लिहायचं काहीच नाही! नुसतं वाचलं म्हणून हक्क वाढतो. वर कुणीतरी ९० टक्के वाचणाऱ्यांचं म्हटलं, त्यांचा एवढा मान राखणारी दुसरी व्यवस्था मी पाहिलेली नाही. जाहिरातवाले मात्र दहा मिनिटं बसत नाहीत.

आता अडचणी. आपले लोक रोमनमध्ये लिहितात, 'vyaj' असं टंकतात ना, तसं (मुद्दाम देवनागरी सोडली, क्षमस्व). शोधणारा 'व्याज' शोधतो, काही सापडत नाही. त्यामुळे प्रत्येक चांगल्या उत्तराचं शीर्षक कुणीतरी देवनागरीत नीट लिहायला हवं. व्हॉइस नोट आली तर ऐकून चार ओळी टंकायला हव्यात. हे कंटाळवाणं काम आहे आणि तेच तुमचं खरं काम. उत्तरं देणं ते लोकच करतील.

आणि प्रत्येक उत्तरावर तारीख ठळक दिसू द्या. व्याजाचा दर, जीएसटीची मर्यादा, उपविधी, काहीही बदलू शकतं. जुनं बरोबर उत्तर हे नव्या चुकीच्या उत्तरापेक्षा घातक, कारण त्याखाली चाळीस लोकांचे धन्यवाद असतात.

कायद्याचं_बोला

एक गोष्ट कुणीच काढली नाही. लोक स्क्रीनशॉट टाकणार. त्यात 'फ्लॅट ४०२', नाव, मोबाइल, थकबाकी ८६ हजार, सगळं. उघड्या ठिकाणी ते गेलं की त्या सभासदाची बदनामी, आणि वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदाही आहे. 'आम्ही नुसती जागा दिली' म्हणून हात झटकता येतील या भ्रमात राहू नका.

लेखनिक_पुणे

ग्रुपवर हे रोज होतं. उपाय?

कायद्याचं_बोला

तुमच्या सॉफ्टवेअरमध्येच एक नमुना सोसायटी भरून द्या, खोटी नावं, खोटे आकडे. प्रश्न तिथे घडवून दाखवायचा आणि त्याचाच स्क्रीनशॉट टाकायचा. शिवाय एक बटण द्या, दाबलं की पडद्यावरची नावं आणि रकमा पुसट होतील.

गंजका_हार्डडिस्क

+१. नमुना सोसायटीचा दुसरा फायदा: सगळे एकाच आकड्यांवर बोलतात. 'माझ्याकडे तर बरोबर येतंय' हा वाद मिटतो.

लेखनिक_पुणे

सगळ्यांचे मनापासून आभार. साहेबांशी आज बोललो. नमुना सोसायटी आणि पुसट करायचं बटण पुढच्या आवृत्तीत येतंय. बदलांच्या यादीत नाव छापायला ते लगेच तयार झाले. तक्रारी ठेवायला अजून तयार नाहीत, 'बघू' म्हणालेत. काकांचा नंबर मिळवलाय, शनिवारी भेटायला जातोय. व्हाउचर रद्द.

एक प्रश्न राहिला. व्हॉट्सॲप ग्रुप बंद करू का? चालू ठेवला तर नव्या ठिकाणी कुणी फिरकणार नाही, आणि बंद केला तर शिव्या पडतील.

मोडकळीस_आलेला_कोड

बंद करा. दोन ठिकाणं ठेवली की लोक जुन्याच ठिकाणी जातात.

खजिनदारीण_डोंबिवली

मुळीच बंद करू नका. माझ्यासारख्या ठीक आहेत, पण आमच्या ऐंशी वर्षांच्या सेक्रेटरीकाकांना साइटचा पासवर्ड कोण शिकवणार? ग्रुपवर प्रश्न येऊ दे, तुम्ही उत्तराच्या जागी नव्या ठिकाणचा दुवा टाका, त्यातलं पहिलं वाक्य ग्रुपवरच लिहून. वाचून काम झालं तर झालं, नाहीतर दाबतील.

लिनक्सवाले_काका

मी खजिनदारबाईंच्या बाजूचा. फक्त मुहूर्त बघा. मार्चएंड आणि ऑडिटच्या घाईत नवीन काही सुरू करू नका, आणि सप्टेंबरअखेर सर्वसाधारण सभा उरकेपर्यंत या लोकांना श्वास घ्यायला वेळ नसतो. दिवाळीनंतर उघडा. तोवर तुमच्या त्या तिघांना आणि बँकवाल्या काकांना आत घेऊन पन्नासेक खरे प्रश्न-उत्तरं भरून ठेवा, ग्रुपमधूनच उचलून, ज्याचं त्याला विचारून. रिकाम्या जागी कुणी पहिला प्रश्न विचारत नाही.

खजिनदारीण_डोंबिवली

@लेखनिक_पुणे, व्यनि केलाय. ठाण्याच्या काकांची ती व्हॉइस नोट माझ्या जुन्या फोनमध्ये सापडली. शिट्ट्यांसकट आहे, टंकून घ्या.